रोज उचलता येईल तीच गादी घ्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर एका बेडरूमचा फ्लॅट, झोपायची खोली दहा बाय दहा, राहणारे तुम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी. पलंग काढून टाकून जपानी पद्धतीचं जमिनीवरचं अंथरूण घ्यायचं मनात आहे, म्हणजे दिवसा मुलीला खेळायला जागा होईल. ऑनलाइन फ्युटन, म्हणजे तिकडची घडी होणारी गादी, आणि तातामी, म्हणजे गवताची जाडजूड चटई, बघून ठेवल्यात. त्यातलं काय घ्यावं, बेळगावच्या पावसात ते टिकेल का, आणि गणपतीला येणाऱ्या सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय, हे तुम्हाला विचारायचंय.

मी चौतीस वर्षं गाद्या भरतोय, माझ्या आधी वडील भरायचे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. साडेतीन-चार इंचाची एक मोठी डबल गादी घेऊ नका. तीन फूट बाय सव्वासहा फुटाच्या दोन सुती गाद्या भरून घ्या, प्रत्येकीत सात ते आठ किलो कापूस. त्यांच्याखाली लाकडी पट्ट्यांची जाळी. तातामी घेऊ नका. आणि घरात निदान एक उंच बिछाना राहू द्या. मात्र हे सगळं घेण्याआधी घरात एक गोष्ट ठरवा: सकाळी गादी कोण उचलणार? त्याचं उत्तर पक्कं नसेल तर पलंगच बरा. जमिनीवरची गादी रोज उचलली तरच टिकते, आणि रोज उचलायची तर ती उचलण्याजोगी हवी. वजन, जाडी, घडी, सगळं यावरूनच ठरतं.

जपानी माणूस ज्याला फ्युटन म्हणतो ती एक वस्तू नाही, जोडी आहे. खाली अंथरायची ती शिकीबुतोन आणि वर पांघरायची ती काकेबुतोन. आपण अंथरूण-पांघरूण म्हणतो तसंच. आपल्याकडे ऑनलाइन फ्युटन म्हणून पुष्कळदा जे विकतात ते लाकडी सांगाड्यावर घडी होणारं सोफा-कम-बेड असतं, नाहीतर गुंडाळायचा फोमचा तुकडा असतो. तो फोम वाईट असतोच असं नाही, पण शिकीबुतोन म्हणून पैसे मोजू नका. खरी शिकीबुतोन साधारण १०० सेंटीमीटर रुंद आणि २०० ते २१० सेंटीमीटर लांब असते. ती सकाळी तिघडी करून ओशीइरे नावाच्या भिंतीतल्या कपाटात जाते. दिवसभर अंथरूण तसंच पसरून ठेवणं तिकडे आळशीपणाचं लक्षण मानतात, त्याला ‘मान्नेनदोको’ म्हणतात, म्हणजे दहा हजार वर्षांचं अंथरूण. माझी आजी म्हणायची, दिवस वर आला आणि अंथरूण खालीच आहे, त्या घरात लक्ष्मी यायची कुठून? दोन्हीकडच्या बायकांना तीच गोष्ट कळली होती: न उचललेलं अंथरूण खालून कुजतं.

काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा मुलगा जपानहून आला, त्यानं स्वतःची शिकीबुतोन आणली होती. खोळ फाटली म्हणून माझ्याकडे आली. मी ती पूर्ण उसवली, कारण आत काय आहे हे मला बघायचंच होतं. मधोमध पॉलिस्टरची घट्ट दाबलेली पाटी आणि तिच्या दोन्ही बाजूंना कापसाचे थर. हल्ली तिकडे पुष्कळ गाद्या अशाच करतात, वजन कमी राहतं म्हणून. जुन्या पद्धतीची गादी मात्र निव्वळ कापसाची. त्या कापसाचे थर मला बघण्यासारखे वाटले. आपण खोळीत कापूस कोंबतो, काठीनं बडवून सारखा करतो आणि मग टाके घालतो. तिकडे पिंजलेल्या कापसाच्या चादरी एकीवर एक, एक उभी एक आडवी, अशा रचून मग खोळ चढवतात. त्यामुळे गोळे होत नाहीत आणि कमी कापसातही गादी सारखी लागते. तेव्हापासून पातळ गादी मी तशीच थर रचून भरतो. तुम्ही कुणाकडेही भरून घ्या, पण पातळ गादी हवी असेल तर थर रचूनच भरा असं सांगा. कोंबून भरलेली पातळ गादी सहा महिन्यांत कमरेखाली रिकामी होते.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. जपानमधले जुने गादीवाले अंथरायच्या गादीसाठी भारतातला देशी कापूस मागवत आले आहेत. आखूड आणि जाड धाग्याचा कापूस दाबला तरी परत फुगतो. लांब, मऊ धाग्याचा कापूस साडीला चांगला, गादीला नाही. तो लवकर बसतो. आपल्याकडे धारवाड पट्ट्यात जयधर नावाचा देशी कापूस होता, वडील त्याचं नाव काढायचे. आता बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानात बहुतेक संकरित वाण, तोही गिरणीकडे जातो. गादीवाल्याच्या वाट्याला आखूड धाग्याचा माल येतो, आणि त्यातच गिरणीतला टाकाऊ कापूस आणि चिंध्या पिंजून केलेला कापूस मिसळला जातो. ओळखायचं कसं? मूठभर कापूस उजेडात ओढून बघा. रंगीत धाग्यांचे ठिपके दिसले तर त्या चिंध्या. सरकीचा बारीक कचरा दिसला तर घाबरू नका, तो खऱ्या कापसात असतोच. रिकामी खोळ आधी तोलून घ्या, भरल्यावर गादी तोला आणि समोर उभं राहून भरून घ्या. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

सावरीचा कापूस घ्यावा का, असंही लोक विचारतात. खानापूरकडच्या रानात काटेसावर पुष्कळ, तिचा कापूस रेशमासारखा. उशीत भरायला तो छान. पण अंगाखालच्या गादीत नको. त्याचा धागा ठिसूळ, वजनाखाली तुटून त्याची भुकटी होते आणि ती खोळीतून बाहेर येते. घरात कुणाला दमा असेल तर मुळीच नको.

आता वजनाचं. सहा बाय सहाची सुती डबल गादी सोळा किलोच्या पुढे जाते. ती दोघांनी धरून रोज उचलायची, वाळवायला गच्चीवर न्यायची, हे पहिल्या महिन्यात होतं, दुसऱ्या महिन्यात होत नाही. जपानी नवरा-बायकोसुद्धा बहुधा दोन सिंगल गाद्या शेजारी घालतात. मध्ये फट पडते म्हणून लोक कुरकुरतात, पण दोन्हींवर मिळून एक मोठी चादर घट्ट खोचली की ती फट जाणवत नाही. आठ किलोची गादी एकटं माणूस खांद्यावर टाकून जिना चढू शकतं.

वजनाइतकंच महत्त्वाचं म्हणजे तुमचं कपाट, आणि याचा विचार कुणीच करत नाही. जपानी ओशीइरे जवळजवळ तीन फूट खोल असतं, म्हणून तिथे तिघडी गादी मावते. आपली लाकडी कपाटं बाहेरून दोन फूट, आतून बावीस इंचांच्या आसपास. २०० सेंटीमीटरची गादी तीन घड्या केली तर सव्वीस-सत्तावीस इंच होते आणि दार लागत नाही. म्हणून मी लांबी पंचाहत्तर इंच धरतो आणि चार घड्या करायला सांगतो. म्हणजे वळण धरून वीस-एकवीस इंच. चौघडी गादीची उंची दहा-बारा इंच होते. दोन गाद्या आणि वर पांघरुणं धरली तर खालचा कप्पा तीस-बत्तीस इंच उंच आणि आतून निदान सदतीस इंच रुंद लागतो. टेप घेऊन आधी हे मोजा. कपाटात मावत नसेल तर वळकटी करून, सुती पट्ट्यानं बांधून भिंतीला टेकवून ठेवा, वर एक जाड चादर घातली की दिवसा टेकायला लोड होतो. पूर्वी गावाकडे पाहुणा वळकटी घेऊनच यायचा, आणि घरातल्या वळकट्या माळ्यावर रचलेल्या असायच्या. छोट्या जागेत राहायची ही रीत आपल्याला नवी नाही.

फोमचं एवढंच सांगतो की तो हलका असतो, पण रोज एकाच जागी घडी घातली की त्या घडीवर चिरतो, आणि त्याच्या पोटातली ओल उन्हानं लवकर निघत नाही. शिवाय उन्हात तो पिवळा पडून ठिसूळ होतो. पाहुण्यांसाठी वर्षातून चार वेळा काढायचा असेल तर चालेल.

बेळगावचा खरा प्रश्न पावसाचा आहे. मिरग लागला की आपल्याकडे हवा बदलते आणि जुलैत तर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. खानापूर, जांबोटीकडे त्याहून जास्त. घाम आला नाही तरी माणसाच्या कातडीतून आणि श्वासातून रात्रभर ओल बाहेर पडतच असते. ती ऊब आणि ओल गादीतून खाली उतरते. जुन्या घरात खाली शेणानं सारवलेली जमीन होती, ती थोडी ओल पिऊन घ्यायची. तुमच्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स असणार. त्या थंड, आणि पाण्याचा थेंबही न पिणाऱ्या. उबदार ओल त्या थंड टाइलवर पोचली की तिचं पाणी होतं. सुती धागा साधारण हवेत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती गादीवर अंग कोरडं राहतं, पण ती ओल गादीनं पोटात घेतलेली असते आणि ती कुणीतरी बाहेर काढावी लागते. पॉलिस्टर ती पोटात घेत नाही, सरळ फरशीवर सोडतो.

हे मी आमच्याच घरी शिकलो. एका जुलैत पाहुण्यांसाठी घातलेली गादी आठ दिवस उचलायची राहिली. नवव्या दिवशी उचलली तेव्हा वरून गादी स्वच्छ, आणि खालची पूर्ण बाजू काळ्या ठिपक्यांनी भरलेली. फरशीवर गादीच्या आकाराचा ओला डाग. तो कापूस मी फेकून दिला. बुरशी धरलेला कापूस मी कुणालाही पुन्हा पिंजून देत नाही. पिंजताना ती बुरशी सगळ्या कापसात पसरते.

यावर जपानी लोकांनी काढलेला उपाय चांगला आहे आणि तो आपल्या सुताराकडून सहज होतो. गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी घालतात, तिला सुनोको म्हणतात. तिकडे किरी नावाचं हलकं लाकूड किंवा हिनोकी वापरतात. आपल्याकडे शिवण घ्या. हलकं, न वाकणारं, ओलीत फारसं न फुगणारं लाकूड, आपल्या भागात मिळतं. पट्टी तीन इंच रुंद, दोन पट्ट्यांत एक इंच फट, जमिनीपासून उंची दोन-अडीच इंच. एका गादीखाली दोन तुकडे करा, म्हणजे सकाळी भिंतीला उभे करून ठेवता येतात आणि खालची फरशी पुसता येते. फट दीड इंचाच्या वर नेऊ नका, पातळ गादीतून पट्टी पाठीला टोचते. पॉलिश चकचकीत नको, साधं तेल पुरे. प्लायवूडचा अखंड तुकडा घालून जाळीचं काम होत नाही. हवा खेळायला हवी.

जाळी आणि गादी यांच्यामध्ये पावसाळ्यात एक घोंगडं घाला. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. धनगराचं काळं, खरखरीत घोंगडं यासाठी सगळ्यात चांगलं, आणि गादीपेक्षा ते वाळवायला सोपं. डिसेंबरात तेच फरशीचा गारठा अडवतं. त्याला कसर लागते, म्हणून उन्हाळ्यात दोनदा झटकून ऊन दाखवा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा.

तातामी का नको, हेही यातच आलं. तातामी म्हणजे इगुसा नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवताचं विणलेलं पांघरूण, आत भाताच्या पेंढ्याची घट्ट दाबलेली पाटी, जाडी पाच-साडेपाच सेंटीमीटर, लांबी-रुंदी साधारण सहा फूट बाय तीन फूट. जुन्या पद्धतीची एक तातामी तीस किलोच्या आसपास भरते. ती तिथल्या घरात जमिनीतच बसवलेली असते, तिच्याखाली लाकडी तक्तपोशी आणि त्याखाली हवा असते. टाइलवर नुसती ठेवलेली तातामी आपल्या पावसाळ्यात खालून बुरसणार, आणि ती तुम्ही रोज उचलणार नाही. तिचा गवताचा वास आणि स्पर्श सुंदर असतो हे मान्य. तेवढ्यासाठी उन्हाळ्यात गादीवर लव्हाळ्याची चटई घाला.

कमरेचं बोलायचं तर जितकं कडक तितकं चांगलं ही समजूत सोडा. हाडांचे डॉक्टर असलेल्या एका गिऱ्हाइकांनी मला सांगितलं होतं, की २००३ साली स्पेनमधल्या ३१३ जणांच्या अभ्यासात जुन्या कंबरदुखीला अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीनं जास्त आराम पडला. म्हणून नुसत्या सतरंजीवर झोपू नका. तुम्ही कुशीवर झोपत असाल तर आठ किलो कापूस घाला, पाठीवर झोपणाऱ्याला सात पुरतो. पहिले आठ-दहा दिवस अंग आंबल्यासारखं होईल. महिन्यानंतरही दुखलं तर गादी तुमच्यासाठी नाही असं समजा, हट्ट करू नका.

सासूबाईंना जमिनीवर झोपवू नका, गादी कितीही चांगली असली तरी. दुखऱ्या गुडघ्यांनी जमिनीवरून उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो, आणि रात्री अंधारात बाथरूमला जाताना म्हातारी माणसं पडतात. हॉलमध्ये अठरा इंच उंचीचा अरुंद दिवाण ठेवा. दिवसा तो बसायला होईल, गणपतीत त्यांना होईल, आणि तुमच्यापैकी कुणाचा पाय मोडला, ऑपरेशन झालं, तर तुम्हालाही होईल.

तुमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणून तुम्हाला लागू नाही, पण हे वाचणाऱ्यांपैकी खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे किंवा रानालगत तळमजल्यावर राहणाऱ्यांना हात जोडून सांगतो: जमिनीवर झोपताना मच्छरदाणी लावा आणि तिची कड चारी बाजूंनी गादीखाली नीट खोचा. मण्यार रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं अशी लक्षणं दिसली तर चावल्याची खूण शोधत बसू नका, तडक सरकारी दवाखान्यात न्या. अशा घरात उंच खाट असेल तर ती काढू नका.

खोळीवर मांजरपाटाचा एक अभ्रा शिवून घ्या, एका कडेला नाडी किंवा चेन. तो पंधरा दिवसांनी धुवा. गादी धुता येत नाही. उन्हाळ्या-हिवाळ्यात आठवड्यातून एकदा गच्चीवर दोन्ही बाजूंना दोन-दोन तास ऊन द्या, सकाळी दहानंतर घाला आणि तीनच्या आत आत आणा. मिरगाच्या आधी लागोपाठ दोन दिवस कडक ऊन द्या. पावसात ऊन नसेल तेव्हा उठल्याबरोबर घडी करू नका. गादी ऊबदार असते, तशीच कपाटात कोंडली तर ओल आतच राहते. दोन खुर्च्यांवर आडवी टाका, पंखा लावा, मुलीचा डबा भरून होईपर्यंत राहू द्या, मग घडी करा. कपाटाचं दार दिवसा थोडं उघडं ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गादी कधीही ठेवू नका.

पांघरुणाला वेगळा खर्च करू नका. घरात वाकळ असेलच, कन्नड शेजारणीकडे तिलाच कौदी म्हणतात. आपल्या थंडीला ती पुरते.

गादी कधी भरावी? पावसात नाही. ओल्या हवेतला कापूस जड लागतो, तुम्ही ओलीचे पैसे देता, आणि तीच ओल खोळीत शिवली जाते. घटस्थापनेच्या आधी घरोघरी वाकळा-चादरी धुवून निघतात, त्यानंतर ऑक्टोबरचं ऊन पडलं की भरून घ्या. नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये.

मुलीची गादी मोठी करू नका. अडीच फूट बाय पाच फूट, चार किलो कापूस, तिची ती उचलू शकेल एवढी. चार वर्षांत कापूस बसेल आणि तीही वाढेल. तेव्हा गादी घेऊन या. उसवून, तोच कापूस परत पिंजून, त्यात किलो-दीड किलो नवा घालून सहा फुटी खोळीत भरून देता येतो. जपानमध्येही जुनी गादी अशीच पुन्हा पिंजून घेतात, उचिनाओशी म्हणतात त्याला. येताना तिच्या उंचीचं आणि कपाटाच्या कप्प्याचं माप कागदावर लिहून आणा.